औषधांना न जुमानणारे जंतू : प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही



रुग्णालयातील अतिदक्षता विभाग हे आधुनिक वैद्यकाचे सर्वांत खर्चिक आणि सर्वांत भरवशाचे ठाणे समजले जाते. ज्या रोग्याचा श्वास स्वतःच्या बळावर चालत नाही, ज्याचा रक्तदाब औषधांच्या आधाराशिवाय टिकत नाही, जे अर्भक दिवस भरण्याआधीच जन्माला आले, अशांना मृत्यूच्या दारातून परत आणण्यासाठी ही व्यवस्था उभी राहिली. घरची माणसे बाहेरच्या बाकावर रात्रीमागून रात्री काढतात त्या याच भरवशावर. अशा ठिकाणी एखादा रोगी मूळ दुखण्यातून सावरतो, शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे डॉक्टर सांगतात, आणि आठव्या-दहाव्या दिवशी त्याला ताप भरतो, रक्तदाब घसरू लागतो. रक्ताच्या तपासणीचा अहवाल येतो तेव्हा त्यावर एकामागून एक औषधाच्या नावापुढे ते निरुपयोगी असल्याची खूण असते. रोगी दगावतो. मृत्यूच्या दाखल्यावर मूळ आजाराचे नाव लिहिले जाते. ज्या जंतूने त्याचा बळी घेतला तो रुग्णालयातच त्याच्या अंगात शिरला होता, ही गोष्ट बहुधा कोठेच नोंदली जात नाही.

अशा मृत्यूंची संख्या थोडी नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात १२ लाख ७० हजार माणसे औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे प्रत्यक्ष मृत्युमुखी पडली. ज्या मृत्यूंत अशा जंतूंचा काही ना काही वाटा होता त्यांची संख्या ४९ लाख ५० हजारांच्या घरात जाते. भारतापुरते बोलायचे तर प्रत्यक्ष मृत्यू सुमारे तीन लाख आणि संबंधित मृत्यू दहा लाखांहून अधिक. हे आकडे गणिती पद्धतीने काढलेले अंदाज आहेत हे खरे. पण अंदाजावर विसंबावे लागते याचे कारण हेच की मोजदाद करण्याची व्यवस्था बहुतेक गरीब देशांत उभीच राहिलेली नाही. जे मोजले जात नाही त्याचा जाब कोणी विचारीत नाही.

प्रतिकार येतो कोठून?

जंतूंनी औषधाला दाद न देणे हा एखादा दैवी कोप नव्हे किंवा अकस्मात उद्भवलेला चमत्कारही नव्हे. जंतूंची एक पिढी अनुकूल परिस्थितीत वीस-तीस मिनिटांत दुसरीला जन्म देते. कोट्यवधी जंतूंत एखाद्याच्या अंगी योगायोगाने औषध सहन करण्याचा गुण येतो. औषध नसेल तेव्हा त्या गुणाला फारसे मोल नसते. औषधाचा मारा सुरू झाला की इतर सारे मरतात आणि रिकाम्या झालेल्या जागेवर त्या एकाचा वंश वाढतो. म्हणजे औषध जितके जास्त वापरावे तितकी ही निवड अधिक वेगाने होते. या शास्त्रीय सत्यातून सुटका नाही. पण वेग किती राखायचा हे माणसाच्या हाती असते.

जंतूंची प्रतिकाराची साधने अनेक आहेत. काही जंतू औषधाचा रेणू तोडणारे विकर तयार करतात, काही आत शिरलेले औषध पंपाप्रमाणे बाहेर फेकतात, काही आपल्या आवरणातील वाटाच बंद करतात. पेनिसिलिन तोडणाऱ्या विकराचा शोध एब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी १९४० साली, म्हणजे पेनिसिलिन बाजारात येण्यापूर्वीच लावला होता. मेथिसिलिन हे औषध १९५९ साली वापरात आले आणि १९६१ साली इंग्लंडमध्ये त्याला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूची नोंद झाली. जपानमध्ये आमांशाच्या जंतूंचा अभ्यास करताना १९५०च्या दशकाच्या अखेरीस आणखी धक्कादायक गोष्ट उघडकीस आली. अनेक औषधांना एकाच वेळी तोंड देण्याचा गुण एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकत होता. प्लाझ्मिड नावाच्या जनुकांच्या लहानशा कड्यावरून हा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे माणसाच्या आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारा जंतूही घातक जंतूला शस्त्र पुरवू शकतो.

पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानात याची सूचना देऊन ठेवली होती. कमी मात्रेत औषध घेतले तर जंतू त्याला सरावतात, आणि उद्या हे औषध दुकानात कोणालाही मिळू लागले तर अडाणी माणूस अपुरा डोस घेऊन संकट ओढवील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. इशारा खरा ठरला. परंतु दोषाचे बोट त्यांनी ज्या अडाणी माणसाकडे दाखविले, त्याच्याकडेच जग गेली ऐंशी वर्षे पाहत राहिले, आणि मोठे दोषी नजरेआड झाले. त्याचा विचार पुढे येईलच.

अतिदक्षता विभागच का?

हे जंतू सर्वत्र असले तरी त्यांचे बळकट ठाणे अतिदक्षता विभागात असते. याची कारणे समजून घेतली पाहिजेत, कारण उपायही त्यांतच आहेत. माणसाची त्वचा आणि श्वासमार्गाचे अस्तर ही त्याची पहिली तटबंदी. अतिदक्षता विभागात उपचारासाठीच ती जागोजागी भेदावी लागते. घशातून फुप्फुसाकडे नळी जाते, मोठ्या शिरेत सलाईनची नळी बसते, मूत्राशयात कॅथेटर असते. या प्रत्येक नळीच्या पृष्ठभागावर जंतू चिकट थर करून राहतात आणि त्या थराखाली औषध नीट पोहोचत नाही. रोग्याची स्वतःची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली असते. शेजारी-शेजारी असेच दहा-बारा रोगी असतात, आणि जवळजवळ प्रत्येकाला तीव्र प्रतिजैविके चालू असतात. जंतूंच्या निवडीसाठी याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

ॲसिनेटोबॅक्टर हा जंतू कोरड्या पृष्ठभागावर, खाटेच्या कठड्यावर, यंत्राच्या बटणांवर कित्येक दिवस, कधी कधी आठवडे जिवंत राहतो. स्यूडोमोनासला ओल लागते. हात धुण्याची मोरी, नळाचे तोंड ही त्याची आवडती ठिकाणे. क्लेबसिएला माणसाच्या आतड्यात मुक्काम करतो आणि हातांवरून प्रवास करतो. एका रोग्याकडून दुसऱ्याकडे या जंतूंना नेणारे मुख्य वाहन म्हणजे शुश्रूषा करणाऱ्यांचे हात. ते हात बेफिकीर असतात म्हणून नव्हे, तर ते एकाच वेळी फार जणांसाठी राबत असतात म्हणून.

भारतातील स्थिती किती गंभीर आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१३ साली सुरू केलेल्या रुग्णालयांच्या जाळ्यातून दरवर्षी अहवाल निघतो. कार्बापेनेम हा प्रतिजैविकांचा गट शेवटच्या फळीतला मानला जातो. २०२१ सालच्या अहवालानुसार तपासलेल्या ॲसिनेटोबॅक्टरपैकी ८७ टक्क्यांहून अधिक जंतूंनी या गटाला दाद दिली नाही, आणि क्लेबसिएलाच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांत इमिपेनेम हे या गटातील औषध चालले नाही. जाळ्यातील रुग्णालये मोठी आणि गुंतागुंतीचे रोगी घेणारी आहेत, म्हणून हेच प्रमाण गावोगाव असेल असे नव्हे. पण सर्वांत आजारी माणसे जेथे जातात तेथेच औषधे सर्वांत निकामी झाली आहेत, हे या आकड्यांतून स्पष्ट होते.

दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात अर्भकांचा अभ्यास झाला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. रक्तदोषाने आजारी झालेल्या अर्भकांत सापडलेल्या ॲसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी ८२ टक्के आणि क्लेबसिएलांपैकी ५४ टक्के अनेक औषधांना न जुमानणारे होते. ज्या बाळाने आयुष्यात औषधाची एक गोळीही घेतली नाही, त्याच्या वाट्याला हा प्रतिकार पहिल्याच आठवड्यात आला. कोविडच्या साथीत २०२० साली दहा रुग्णालयांतील सतरा हजारांहून अधिक रोग्यांची पाहणी झाली. त्यांपैकी ज्यांना रुग्णालयात असताना दुसऱ्या जंतूंचा संसर्ग झाला असे रोगी शेकडा चारांहूनही कमी होते; पण त्यांतील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५६.७ टक्के दगावले. एकंदर रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण १०.६ टक्के होते. साथीच्या गोंगाटात हा फरक कोणाच्या ध्यानात राहिला नाही.

नावाचा वाद आणि पाण्याचा पुरावा

एका जंतूच्या जनुकावरून या देशात मोठा गदारोळ झाला होता, त्याची आठवण येथे उपयोगी पडेल. स्वीडनमध्ये राहणारा एक भारतीय वंशाचा रोगी दिल्लीत उपचार घेऊन परतला. २००८ साली त्याच्या तपासणीत कार्बापेनेम तोडणारे नवे विकर आढळले. त्याला ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, थोडक्यात एनडीएम-१, असे नाव पडले. ऑगस्ट २०१० मध्ये भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधील नमुन्यांवरचा निबंध प्रसिद्ध होताच देशाच्या बदनामीचा कट म्हणून आरडाओरड झाली. परदेशी रोगी येथे स्वस्त शस्त्रक्रियेसाठी येतात, त्या धंद्याला धक्का बसेल ही चिंता अनेकांनी बोलून दाखविली.

जंतूला एखाद्या शहराचे नाव देणे अनुचित होते, हा आक्षेप रास्त होता. पण नावावरचा राग जंतूला लागू पडत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे हा वाद पेटण्यापूर्वी पाच महिने, मुंबईतील डॉक्टरांनी भारतीय वैद्यकीय नियतकालिकातच लिहिले होते की एका रुग्णालयात तीन महिन्यांत सापडलेल्या कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये हेच जनुक होते. ते वाचून कोणत्याही मंत्रालयाला जाग आली नव्हती. पुढे २०११ साली दिल्लीतील पाण्याच्या नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पिण्याच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोनांत हे जनुक आढळले. रुग्णालयाच्या भिंतीआड जन्मलेला प्रश्न आता गटारातून आणि नळातून घराघरांकडे निघाला होता. आणि घरातून रोगी पुन्हा रुग्णालयात जाताना तो जंतू पोटात घेऊनच जात होता. अतिदक्षता विभागाचे दार कितीही जाडजूड काचेचे असले तरी शहराचे सांडपाणी त्याला अडविता येत नाही.

दोष कोणाचा?

या प्रश्नाचे ठरीव उत्तर असे दिले जाते की लोक अडाणी आहेत. दुकानातून गोळ्या घेतात, बरे वाटले की औषध सोडतात. यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु औषध अर्धवट सोडणाऱ्या शेतमजुराच्या जागी उभे राहून पाहिले पाहिजे. तपासणीला गेले तर दिवसाची मजुरी बुडते, डॉक्टरची फी द्यावी लागते, औषधाचे पैसे निराळे. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोक थेट स्वतःच्या खिशातून उचलतात. पाच दिवसांच्या गोळ्यांऐवजी दोन दिवसांच्या घेणे हा त्याचा अडाणीपणा नसून त्याच्या मिळकतीचा हिशेब आहे. ज्या पाड्यावर मलेरियाचा आणि न्यूमोनियाचा रोगी आहे आणि डॉक्टर वीस मैलांवर आहे, तेथे दुकानदाराने चिठ्ठीशिवाय दिलेले औषध कधी कधी प्राणही वाचविते. म्हणून दुकानांवर धाडी घातल्या की काम झाले असे मानणे ही शहरी सोय आहे. अनुसूची ‘एच-१’ १ मार्च २०१४ पासून लागू झाली. ४६ औषधे तीत आली. दुकानदाराने त्यांची वेगळी नोंदवही ठेवणे सक्तीचे झाले. नियम चांगला आहे. पण नोंदवही तपासणारे निरीक्षक आणि चिठ्ठी लिहून देणारा सरकारी डॉक्टर, हे दोन्ही नसतील तर नियम कागदावरच राहतो.

शिवाय अतिदक्षता विभागात वापरली जाणारी शिरेतून देण्याची महागडी औषधे शेतमजूर विकत घेऊन घरी टोचून घेत नाही. ती रुग्णालयातच लिहिली जातात. ती लिहिणाऱ्या डॉक्टरची अडचणही लक्षात घ्यावयास हवी. रक्तातील जंतू वाढवून ओळखण्यास दोन-तीन दिवस लागतात, रोगी तोवर थांबू शकत नाही. अनेक जिल्हा रुग्णालयांत जंतू ओळखून औषधे पारखणारी प्रयोगशाळा नाही, किंवा आहे तर रात्री व सुट्टीला बंद. मग डॉक्टर सर्वांत प्रबळ औषधाने सुरुवात करतो. अहवाल आल्यावर ते कमी करावयाचे असते, पण अहवालच येत नाही. अज्ञानातून आणि भीतीतून होणारा हा वापर खरा जबाबदार आहे, आणि त्यामागे साधनांची टंचाई आहे.

याला जोड मिळते ती व्यापाराची. औषध किमती नियंत्रण करणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील काही खाजगी रुग्णालयांच्या बिलांची छाननी केली, तेव्हा औषधे व उपभोग्य वस्तूंवर खरेदीच्या तुलनेत १,७०० टक्क्यांहून अधिक नफा घेतल्याची उदाहरणे सापडली. या व्यवस्थेत संसर्ग ही रुग्णालयाची हानी ठरत नाही. रोगी अधिक दिवस राहतो, अधिक महाग औषधे लागतात, आणि रुग्णालयातच लागलेल्या संसर्गाचे बिल नातेवाइकांच्या हाती दिले जाते. डॉक्टर आणि परिचारिका मनापासून रोगी वाचविण्यासाठी झटत असतात याबद्दल शंका नको. परंतु ज्या हिशेबात संसर्ग टाळण्याला उत्पन्न नाही आणि संसर्गावर उपचार करण्याला आहे, तो हिशेब चांगल्या माणसांच्या चांगुलपणावर फार काळ तरत नाही.

कारखान्याच्या दोन बाजू

औषधे जेथे बनतात तेथेही पाहिले पाहिजे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करणारे केंद्र आहे. स्वीडिश संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत या केंद्रातून शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण एका लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. ऑगस्ट २०२१ मध्ये नियम अंतिम झाले तेव्हा त्या मर्यादा गळाल्या होत्या. कोणाच्या सांगण्यावरून गळाल्या हे विचारण्याचा अधिकार नागरिकांना आहे.

दुसरी बाजू नव्या औषधांची. ॲकेओजेन या अमेरिकन कंपनीने प्लाझोमायसिन हे नवे प्रतिजैविक तयार केले. २०१८ साली त्याला मान्यता मिळाली, २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते आवश्यक औषधांच्या यादीत घातले. आणि त्याच २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळे काढले. कारण सरळ आहे. नवे प्रतिजैविक जपून, क्वचित वापरावयाचे असते. ते दहा दिवस दिले की रोगी बरा होतो. मधुमेहाची गोळी जन्मभर विकता येते. त्यामुळे नोव्हार्टिस, सॅनोफी, ॲस्ट्राझेनेका अशा बलाढ्य कंपन्यांनी २०१६ ते २०१८ या काळात या संशोधनातून अंग काढून घेतले. समाजाला ज्या वस्तूची अत्यंत गरज आहे पण जी कमी विकली जाणेच हिताचे आहे, ती बाजार पुरवू शकत नाही. येथे बाजाराच्या तत्त्वज्ञानाचीच मर्यादा उघडी पडते.

या देशाने एके काळी दुसरा मार्ग धरला होता. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना स्थापन झाला आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. तेथे केवळ बाटल्या भरल्या जात नव्हत्या. हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक तेथील संशोधकांनीच शोधले. सोव्हिएत साहाय्याने ऋषिकेश येथे दुसरा मोठा कारखाना उभा राहिला. हाथी समितीने १९७५ साली आवश्यक औषधांची यादी आणि सार्वजनिक क्षेत्राला अग्रक्रम देण्याची दिशा दाखविली. पुढे तो मार्ग सोडला गेला. पिंपरीचा कारखाना १९९०च्या दशकात आजारी उद्योगांत जमा झाला. ऋषिकेशचा कारखाना ज्या कंपनीचा, ती बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०१६ मध्ये झाला. पेनिसिलिनचा मूळ पदार्थ देशाला अनेक वर्षे चीनमधून आणावा लागला, आणि २०२० साली खाजगी कंपन्यांना अनुदान देऊन तो पुन्हा येथे बनविण्याची योजना काढावी लागली. सार्वजनिक कारखान्यांच्या कारभारात दोष नव्हते असे कोणी म्हणणार नाही. पण दोष दुरुस्त करण्याऐवजी साधनच मोडीत काढले, त्याची किंमत आज मोजावी लागत आहे.

अतिवापर आणि अभाव

या प्रश्नाचे एक अंग असे आहे की ज्याची चर्चा फार कमी होते. औषधांचा अतिवापर आणि औषधांचा अभाव ही दोन्ही दुखणी एकाच देशात, कधी एकाच रुग्णालयात नांदतात. आठ देशांतील स्थितीचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१९ मध्ये भारतात कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या जंतूंचे सुमारे दहा लाख संसर्ग झाले आणि त्यांपैकी केवळ ७.८ टक्के रोग्यांना योग्य औषध मिळाले असावे, असा अंदाज निघाला. उरलेले शंभरातील नव्वदाहून अधिक रोगी निदानाअभावी, पैशाअभावी किंवा औषधाअभावी योग्य उपचारांना मुकले. म्हणून ‘औषधे कमी वापरा’ ही एकच घोषणा अपुरी आणि थोडी क्रूरही आहे. जेथे नको तेथे औषध थांबले पाहिजे आणि जेथे हवे तेथे ते पोहोचले पाहिजे. ही दोन्ही कामे नियोजनाची आहेत, उपदेशाची नव्हेत.

काय केले पाहिजे?

उपाय नाहीत अशी स्थिती मुळीच नाही. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. १८४६ साली त्या प्रसूतिकक्षातील शेकडा ११ हून अधिक माता दगावत होत्या; १८४८ साली ते प्रमाण दीड टक्क्याच्या आत आले. तेव्हा एकही प्रतिजैविक अस्तित्वात नव्हते. ब्रिटनमध्ये मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसच्या रक्तसंसर्गाची नोंद २००१ पासून रुग्णालयांना सक्तीची झाली, आकडे लोकांसमोर आले, २००४ साली चार वर्षांत प्रमाण निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरले आणि ते साध्यही झाले. सार्वजनिक आरोग्यसेवा, उघड हिशेब आणि ठरवून दिलेली जबाबदारी यांतून हे घडले.

भारतातही आशेची चिन्हे आहेत. जुलै २०१९ मध्ये कोंबड्या व गुरांच्या खाद्यातील कोलिस्टिनच्या वापरावर बंदी आली, हे योग्य झाले. अतिदक्षता विभागातील शेवटचे अस्त्र कोंबड्यांचे वजन वाढविण्यासाठी खर्ची पडत होते. केरळने २०१८ साली देशात प्रथम राज्याची स्वतःची कृतियोजना केली. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृतियोजना झाली. पण योजनेला पैसा, माणसे आणि उत्तरदायित्व लागते.

पहिली गोष्ट शुश्रूषेची. एक साधा हिशेब करून पाहावा. कृत्रिम श्वसनावरील रोग्याला हात लावण्यापूर्वी व नंतर हात स्वच्छ करावयाचे, प्रत्येक वेळी निदान अर्धे मिनिट. दोन-तीन रोगी सांभाळणाऱ्या परिचारिकेला तासात वीस वेळा तसे करावे लागले तर दहा मिनिटे केवळ हात स्वच्छ करण्यात जातात. एका परिचारिकेवर चार-पाच रोगी सोपविले की तिने एक तर रोगी सांभाळावे किंवा हात. श्वसनयंत्रावरील प्रत्येक रोग्यामागे एक परिचारिका हे प्रमाण चैन नसून जंतूंविरुद्धचे सर्वांत प्रभावी साधन आहे. हेच सफाई कामगारांना लागू आहे. खाटेचा कठडा पुसणारा माणूस कंत्राटावर, अर्ध्या पगारावर, प्रशिक्षणाशिवाय आणि दर काही महिन्यांनी बदलणारा असेल तर ॲसिनेटोबॅक्टरला अभय मिळाल्यासारखेच आहे. परिचारिकांच्या रिकाम्या जागा भरणे आणि सफाईचे काम कायम करणे ही कामगारांची मागणी तर आहेच. ती रोग्याचीही मागणी झाली पाहिजे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो वा खाजगी, अतिदक्षता विभागातील संसर्गाचे प्रमाण नोंदवून प्रसिद्ध करणे कायद्याने बंधनकारक व्हावे. देशातील दोनशे अतिदक्षता विभागांच्या सात वर्षांच्या पाहणीत मोठ्या शिरेतील नळीमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचे प्रमाण नळीच्या दर हजार दिवसांमागे ८.८ च्या आसपास आढळले. म्हणजे मोजणे शक्य आहे. मात्र प्रामाणिकपणे मोजणाऱ्याला शिक्षा आणि लपविणाऱ्याला शाबासकी असे होता कामा नये. गंभीर रोगी घेणाऱ्या रुग्णालयाचे आकडे त्या दृष्टीनेच वाचले पाहिजेत. तिसरी गोष्ट, प्रत्येक जिल्ह्यात दिवसरात्र चालणारी जंतुपरीक्षा प्रयोगशाळा. चौथी, औषध कारखान्यांच्या सांडपाण्यावरील गळालेल्या मर्यादा पुन्हा कायद्यात आणणे. पाचवी, नव्या प्रतिजैविकांचे संशोधन आणि आवश्यक औषधांचे उत्पादन यांत सार्वजनिक क्षेत्राने पुन्हा पाय रोवणे. आणि या सर्वांसाठी, राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ साली दिलेले, राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे वचन. त्याची मुदत २०२५ होती, ती उलटली.

प्रतिजैविकांचे सामर्थ्य ही कोणा कंपनीची, रुग्णालयाची किंवा डॉक्टरची मिळकत नाही. गावाच्या तळ्यासारखी ती सर्वांची ठेव आहे. एकाने उपसले की सर्वांचे पाणी आटते, एकाने घाण केले की सर्वांना बाधते. तळे राखण्याचे काम गाव एकत्र येऊन करीत आला. श्रीमंताला वाटेल की पैशाच्या बळावर आपण चांगल्या रुग्णालयात जाऊ. पण त्या रुग्णालयातील खाटेवरचा जंतू रोग्याचे उत्पन्न विचारीत नाही. म्हणून हा प्रश्न आरोग्य खात्याच्या फायलीतून बाहेर काढून ग्रामसभेत, नगरपालिकेत, कामगार संघटनेत आणि विधिमंडळात नेला पाहिजे. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात परिचारिकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, जिल्ह्याची प्रयोगशाळा रात्री उघडी असते काय, तेथील अतिदक्षता विभागात गेल्या वर्षी किती जणांना संसर्ग झाला, एवढे तीन प्रश्न जरी प्रत्येक ठिकाणच्या कार्यकर्त्यांनी लेखी विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा केला, तरी कामाला सुरुवात होईल.